चवड्यावर चालणारी यादम्मा

यादम्मा माणसांना तोंडावरून ओळखत नसे, छपरावरून ओळखायची. बाजारात समोरासमोर गाठ पडली तर क्षणभर कोऱ्या नजरेनं बघे आणि मग एकदम उजळून म्हणे, "आं! तिसरा वासा वाकडा!" हा आमचा पत्ता. सुलतान बाजारच्या मागच्या आमच्या गल्लीत तेव्हा अकरा कौलारू घरं होती आणि अकराही घरांचं तिनं असं बारसं केलं होतं. शेजारचे वकीलकाका म्हणजे 'आढ्यावर पिंपळ'. तो पिंपळ तिनंच उपटून काढला होता, त्यालाही पंधरा वर्षं होऊन गेली होती, पण नाव बदलायला ती तयार नव्हती. "झाड गेलं, मूळ हाय," असं ती काकांकडे बघून म्हणायची. हा आपल्या घराण्याचा गौरव आहे की टोमणा, हे काकांना कधीच ठरवता आलं नाही. त्यामुळे ते दर वेळी नुसतं घसा खाकरायचे.

कौलं बसवणं, फुटकी बदलणं, छप्पर शाकारणं हे तिचं काम. कौलाला आमच्या हैदराबादेत कवेलू म्हणतात. इथली मराठी घरंसुद्धा तेच म्हणतात. यादम्मा मूळची तेलुगू, बोलायला शिकलेली इथली दख्खनी उर्दू, आणि चाळीस वर्षं मराठी घरांच्या डोक्यावर बसून थोडी मराठीही तिच्या कानात झिरपली होती. त्यामुळे तिचं एक वाक्य तीन गल्ल्या फिरून यायचं. पण अडायचं कुणाचंच नाही.

अंगानं वाळक्या शेंगेसारखी. काठाचं सुती लुगडं, मागे घट्ट कासोटा, कमरेला चुन्याची डबी. शिडीला पाय लावायच्या आधी चपला काढून त्या उंबऱ्याशी देवळात ठेवतात तशा नीट जोडीनं ठेवायची. आणि मग वर. वर गेली की तिचं वय जमिनीवर राहायचं. साठीची बाई छपराच्या उतरत्या पाखीवर अशी चालायची, की खाली घरात बसलेल्याला मांजर गेलं की यादम्मा, हे कळू नये. टाच कधी टेकायची नाही. चवडा, तोही कौल जिथं खालच्या लाकडी रिपेवर टेकलेलं असतं तेवढ्याच पट्टीवर. कारण विचारलं तर म्हणे, "कवेलू का पेट नाजूक रहता सारू. पेट पे पाँव नक्को." आणि वर तिची म्हण: "टाच जमिनीची, चवडा छपराचा."

ही विद्या तिच्या नवऱ्याची, नरसय्याची. खरा कवेलूवाला तो. लग्नानंतर ती खालून कौलं वर फेकायची आणि तो झेलायचा. पण नरसय्याला बिर्याणी फार प्रिय. वर्षावर्षानं तो भरत गेला, आणि एक दिवस गौलीगुड्याच्या एका घरावर त्याच्या पायाखाली कौल फुटलं. त्यांच्या धंद्यात एक रीत होती: ज्याच्या पायानं कवेलू फुटलं, त्यानं त्याच दिवशी खाली यायचं, पुन्हा चढायचं नाही. नरसय्या उतरला. खाली उभ्या यादम्माला म्हणाला, "आता तू." ती म्हणाली, "मला काय येतं?" तो म्हणाला, "तू हलकी आहेस, तेवढं पुरे." तेव्हापासून तो मरेपर्यंत खालून फेकत होता आणि ती झेलत होती. ही गोष्ट ती हसत हसत सांगायची. शेवटी मात्र छातीवर हात ठेवून म्हणायची, "चालीस साल. मेरे पाँव के नीचे एक कवेलू नहीं फुटा."

हे वाक्य मी निदान वीस वेळा ऐकलं असेल. ती रीतही मला ठाऊक होती. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहणार नाही.

तिची कामाची पद्धत मजेची होती. ती यायची बरोबर बारा वाजता, ऊन डोक्यावर असताना. आल्या आल्या हुकूम: "खिडक्या बंद, दरवाजे बंद, बत्ती बंद." घर अंधारं झालं की घरातल्या एकानं हातात लांब बांबू घेऊन आत उभं राहायचं. छपराला जिथं भोक असेल तिथून उन्हाचा कवडसा आत येतो. त्या भोकाला बांबूचं टोक लावायचं. ते टोक वर दिसलं की यादम्मा त्यावर टकटक करायची, म्हणजे 'कळलं, पुढचं'. "नीचे से बोलो जी, उजाला किधर दिखरा?" असं ती वरून ओरडणार आणि मी खालून "देवघरावर, डावीकडे" असं ओरडणार. ऑफिसात दिवसभरात चार वाक्यं न बोलणारा मी. माझं आयुष्यातलं सगळ्यात लांब संभाषण मी एका भोकातून केलेलं आहे.

त्याच भोकांतून तिला स्वयंपाकाचे वास जायचे. सुनंदा, माझी बायको, खाली फोडणी देत असली की वरून आवाज यायचा, "वैनी, हिंग जास्त झाला." एकदा म्हणाली, "बाजूच्या घरात आज पण वांगं. चौथा दिवस. नवरा-बायको बोलत नसतील." ते खरं निघालं.

पण तोंडानं अशी सैल असली, तरी छपरावर सापडलेली गोष्ट ती छपरावरच ठेवायची. वकीलकाकांना डॉक्टरांनी सिगारेट बंद केली होती. काका पाकीट न्हाणीघराच्या कौलाखाली लपवायचे, स्टुलावर चढून. यादम्माला ते सापडलं. काकू खाली अंगणातच तांदूळ निवडत बसलेल्या. तिनं पाकीट तिथून उचललं, दोन रिपा पलीकडे कोरड्या जागी ठेवलं, आणि उतरल्यावर काकांच्या जवळून जाताना पुटपुटली, "उदर गीला होता साब. दो कवेलू आगे सरकायी." काकांनी ही गोष्ट मला स्वतः सांगितली, पुष्कळ वर्षांनी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. दुसऱ्याचं गुपित भिजू नये म्हणून काळजी घेणारी बाई होती ती.

आता सहा वर्षांपूर्वीच्या त्या गारपिटीकडे येतो.

एप्रिलातली दुपार कलली आणि आकाश तव्यासारखं काळं झालं. पहिली गार अंगणातल्या बादलीवर पडली तेव्हा सुनंदाला वाटलं, मी काहीतरी पाडलं. मग लिंबाएवढ्या गारा, अशा काही आल्या की देवघरातला दिवा विझला आणि छपराला दहा-बारा ठिकाणी आकाश दिसायला लागलं. पंधरा मिनिटांत खेळ आटोपला. गल्लीत सगळे बाहेर येऊन एकमेकांच्या छपरांकडे माना वर करून बघायला लागले. वकीलकाकांनी दोन गारा वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवल्या. कशाला, विचारलं तर म्हणाले, "पुरावा."

दुसऱ्या दिवशी यादम्मा गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, तेव्हा अकराही घरं तिच्याकडे धावली. तिनं रांग तिच्या पद्धतीनं लावली: आधी ज्यांच्या घरी आजारी माणूस, मग ज्यांच्या घरी तान्हं मूल, मग गप्प बसणारे, आणि शेवटी ओरडणारे. मी गप्प बसणाऱ्यांत पहिला. काका ओरडणाऱ्यांत शेवटचे. "तुझ्या हातचं सगळ्यात जुनं घर माझं आहे!" काका म्हणाले. "हौ साब. पुराने मकान को सबर रहता," ती म्हणाली.

तसली कौलं आता कुणी करत नाही. पण शहरात कुठं जुनं घर पाडून फ्लॅट उभे राहतायत, हे तिला पाठ होतं. ती तिथून कौलं उचलून आणायची. आमच्या छपरावर तिनं बसवलेलं प्रत्येक कौल कुठून आलं ते तिला सांगता यायचं. "ये चादरघाट का डॉक्टर. ये काचिगुडा की मास्तरनी. भांडू नका रे," असं कौलांना सांगत ती त्यांना ओळीनं बसवायची. तीन दिवसांत आमचं छप्पर झालं. जाताना तिनं बजावलं, "एक बारिश जाने तक कोई चढना नहीं. नया कवेलू नई बहू के माफिक रहता, बैठने को टाइम लगता."

त्या गारपिटीत टीव्हीची डिशसुद्धा तिरकी झाली होती. डिशवाला "उद्या येतो" म्हणत होता. रविवारी क्रिकेटची मॅच होती. सुनंदा बहिणीकडे गेली होती. मी शिडी लावली.

एवढंच आहे ते. इतकी वर्षं छातीवर बसलेली गोष्ट लिहायला घेतली की तीन ओळींत संपते, याचीही लाज वाटते. चार पावलं गेलो, आणि उजव्या टाचेखाली 'कट्' असा आवाज झाला. बिस्किट मोडावं तसा. कौल मधोमध फुटलं होतं. मी दोन्ही तुकडे तोंडाला तोंड लावून पुन्हा बसवले, डिश सरळ केली, खाली आलो. मॅच कोण जिंकलं ते आठवत नाही. आवाज आठवतो.

पंधरा-वीस दिवसांनी घर सावरलं म्हणून सुनंदानं सत्यनारायण घातला. बाहेरच्या खोलीत सगळी गल्ली दाटीवाटीनं बसलेली. कथा चौथ्या अध्यायात आली आणि वळवाची सर कोसळली. सगळे कौतुकानं वर बघतायत तोवर पाण्याची धार सरळ खाली आली, ती शिऱ्याच्या पातेल्यात. गुरुजी थांबले. वकीलकाकांचं छप्पर अजून व्हायचं होतं, त्यांच्या घरावर गारपिटीपासून ताडपत्रीच होती, ते मोठ्यानं म्हणाले, "म्हातारी झाली यादम्मा! पाय जड झाला!" चाळीस माणसांनी माना हलवल्या.

दुसऱ्या दिवशी ती आली. चपला जोडीनं काढल्या, वर गेली, आणि ते कौल दोन तुकड्यांत घेऊन खाली आली. ओट्यावर बसली. तुकडे जोडले, वेगळे केले, पुन्हा जोडले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "ऊपर कोई चढे थे क्या सारू?"

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो, असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण सुनंदा आधी बोलली. "कोण चढणार गं? आमचे हे? हे स्टुलावर चढून बल्ब बदलायला घाबरतात!"

अंगणात जमलेले शेजारी सगळे हसले. मीही हसलो.

यादम्मा पुन्हा वर गेली, तिथं दुसरं कौल बसवलं, उतरली. चपला पायांत घातल्या. शिडी खांद्यावर घेतली नाही. "अब्बी मैं नीचे की," एवढंच म्हणाली. वकीलकाकांचं छप्पर उरलं होतं, त्याकडे मान वर करून एकदा बघितलं आणि म्हणाली, "साब, रेकुलवाले को बुलाओ." रेकुल म्हणजे पत्रा. तिच्या तोंडून हा शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता, शिवीसारखासुद्धा नाही.

आधी वाटलं, दोन दिवसांत सांगू. मग ती कुकटपल्लीला मुलाकडे राहायला गेल्याचं कळलं. मग वाटलं, आता सांगून काय होणार. गप्प माणसाला लोक सज्जन समजतात. फार सोयीचं असतं ते. गल्लीत एकेक घर पत्र्याचं झालं, काही पाडून फ्लॅट झाले. तिनं टाकून दिलेली शिडी आमच्या बोळात उभी होती. मी त्या बोळातून जायचं टाळायचो आणि न्हाणीघराला लांबून वळसा घ्यायचो. सुनंदाला वाटायचं, तिथं विंचू आहे.

यंदा पुन्हा गारा पडल्या. या वेळी निम्मं छप्पर गेलं. कवेलूवाला शोधून मिळाला नाही. पत्रेवाल्यांनी माप घेतलं आणि विचारलं, "पुराने कवेलू फेकना क्या?" मी म्हणालो, "थांबा. एकांना विचारून येतो." जुन्या माणसांकडून पत्ता काढला आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी बसनं कुकटपल्लीला गेलो.

तिसरा मजला, लांब व्हरांडा, दोन खोल्या, चकचकीत फरशी. सुनेनं, सरितानं, दार उघडलं. मागून यादम्मा आली. मी तिच्या पायांकडे बघत राहिलो. ती चवड्यांवर चालत होती. घरात, फरशीवर, टाचा उचलून, भिंतीला एक हात लावून.

"डॉक्टर को बी दिखाए," सरिता सासूकडे बघत हसून म्हणाली. "बोले, पाँव में कुछ बी नहीं. पर अत्तम्मा बिल्ली के सरका चलते. टाइल पे फिसलके गिरेंगे बोलके मेरेकू डर."

यादम्मानं माझ्याकडे कोऱ्या नजरेनं बघितलं. "तिसरा वासा," मी म्हणालो. तिचा चेहरा उजळला. "वाकडा! वैनी कैसी है? बैठो, बैठो."

मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा आला असता तर मी तो पिऊन परत आलो असतो. उभ्या उभ्याच म्हणालो, "यादम्मा, ते कवेलू माझ्या पायानं फुटलं होतं. डिश सरळ करायला मी चढलो होतो."

तिची नजर माझ्या पायांवर आली. मग म्हणाली, "कौनसा पाँव?"

"उजवा."

"चवडा की टाच?"

"टाच."

"पेट पे?"

"हो. मधोमध."

तिनं वाकून स्वतःच्या टाचेला हात लावला. "मैं देखी थी," ती म्हणाली. "पेट में फुटा था. चवड्यानं तसं फुटत नाही. मैं सोची, मेरी टाच कब लगी, मेरेकूच मालूम नहीं पड़ा. छे साल इसको देखरई सारू. सोते में बी देखती, टेकली का."

मी माफी मागितली. ती तिनं ऐकली की नाही, माहीत नाही.

"उस दिन वैनी बोली, सब हसे," ती म्हणाली. "तुम बी हसे. मेरेकू याद है. कैकू बोले तो तुम कब्बीच हसते नहीं."

यादम्माचा आवाज चढला नाही, कामाची रांग लावायची त्याच आवाजात ती म्हणाली, "पैले वैनी को बोलो. बाद पिंपळवाले को. पूजा में कित्ते लोगां थे?"

"चाळीस असतील."

"तो चालीस."

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही; तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आणि तुम्ही मला विंचू सांगितलात!" मी विंचू सांगितला नव्हता, तिनंच ठरवला होता. पण तक्रार करायला मला तोंड नव्हतं. वकीलकाका आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांना ऐकू येत नाही. त्यांना तीनदा ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे उरलेली अर्धी गल्ली आपोआप झाली. काकांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "जड झाला, असं मीच ओरडलो होतो रे." आणि थोड्या वेळानं, "तिनं माझं पाकीट दोन कौलं पुढे सरकवलं होतं."

बाकीचे पांगलेत. कुणी उप्पलला, कुणी पुण्याला. त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांच्या मुलांना मराठी वाचताना अडखळायला होतं, त्यांनी घरात मोठ्यानं वाचून घ्यावं. त्या दिवशी शिऱ्यात पाणी पडलं ते माझ्यामुळे. यादम्माच्या पायाखाली चाळीस वर्षांत एक कौल फुटलं नाही.

आमच्या डोक्यावर आता पत्रा आहे. पाऊस आला की एकमेकांचं ऐकू येत नाही. धड निघालेली कौलं तिचा मुलगा ट्रॉली ऑटोत घालून घेऊन गेला. कशाला, मी विचारलं नाही.

कुकटपल्लीहून निघालो त्या सकाळी ती मला जिन्यापर्यंत पोचवायला आली होती. जिन्याशी थांबली. "या" म्हणाली नाही, "येत जा" म्हणाली नाही. वळली, आणि व्हरांड्यातून परत निघाली. दोन पावलं चवड्यावर गेली. मग उभी राहिली. भिंतीवरचा हात काढला. उजवा पाय उचलला आणि टाचेसकट पुरा खाली ठेवला. मग डावा. मग थप, थप, थप, अख्खा व्हरांडा वाजवत ती घराकडे गेली. एका दारातून कुणीतरी डोकावून तेलुगूत विचारलं, काय झालं? सरितानं आतून काही सांगितलं असेल; मला ऐकू आलं नाही. यादम्मानं मागे वळून बघितलं नाही. मी खालच्या मजल्यावर पोचलो तरी वरून तिची पावलं ऐकू येत होती.